हिरे दोघांकडे, मग बोत्सवाना कुठे आणि सिएरा लिओन कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.ए. अर्थशास्त्र करणाऱ्या एकांनी विचारलंय की बोत्सवाना आणि सिएरा लिओन, दोन्ही आफ्रिकेतले, दोन्हीकडे इंग्रजांचा अंमल होता, दोन्ही साठच्या दशकात स्वतंत्र झाले, दोन्हीकडे एक नंबरचे हिरे, मग एक देश चांगल्यापैकी खाऊनपिऊन सुखी झाला आणि दुसरा जगातल्या सगळ्यात गरीब देशांत कसा राहिला? वर्गात 'एकाला चांगलं नेतृत्व मिळालं, दुसऱ्याला साधनसंपत्तीचा शाप (म्हणजे जमिनीत श्रीमंती असूनही देश गरीब राहणं) लागला' एवढ्यावर विषय संपवला, तर तेवढं पुरेसं आहे का?

मी रफचा माणूस आहे, म्हणजे कच्च्या हिऱ्यांचा असॉर्टर, खडे निवडून त्यांची प्रत ठरवणारा. १९९४ ला मुंबईच्या हिरेबाजारात, ऑपेरा हाऊसला टेबलावर बसून शिकलो, २००४ ते २००७ सिएरा लिओनमध्ये केनेमाला खरेदीच्या ऑफिसात होतो आणि त्यानंतर नऊ वर्षं बोत्सवानाच्या राजधानीत, गाबोरोनेला. त्यामुळे हे दोन देश मी पुस्तकाच्या आधी हिऱ्यांच्या पुडीतून बघितले. माझं उत्तर त्या बाजूने येणार, थिअरी तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती असेल.

माझ्या मते खरा घोळ 'दोन्हीकडे हिरे आहेत' या वाक्यातच आहे. हे म्हणजे दोन्ही गावांत पाणी आहे म्हणण्यासारखं झालं. एका गावात धरण आहे आणि दुसऱ्यात शंभर शेतांत शंभर विहिरी, तर दोन्ही गावांचं राजकारण एकसारखं चालेल का? तेव्हा हिरे माणशी किती, ते जमिनीत पडलेत कसे आणि सापडले तेव्हा मालकी कोणाची होती, हे आधी बघावं लागतं. नेतृत्व त्यानंतर.

आधी माणशी किती ते बघू, कारण हे फार कमी लोक करतात. २०२२ मध्ये बोत्सवानातून साधारण २ कोटी ४० लाख कॅरट माल निघाला आणि लोकसंख्या २४ लाखांच्या आसपास, म्हणजे माणशी १० कॅरट. सिएरा लिओनचा त्याच काळातला माल ६ ते ७ लाख कॅरट आणि लोकसंख्या ८० लाखांच्या वर, माणशी एक दशांश कॅरटसुद्धा येत नाही. कॅरटचा सरासरी भाव दोन्हीकडे साधारण सारखाच पडतो, दोनशे डॉलरच्या आसपास, म्हणजे सिएरा लिओनचा माल हलका आहे असं अजिबात नाही. पण तो थोडा आहे आणि खाणारी तोंडं जास्त आहेत. उद्या सिएरा लिओनच्या राजधानीत, फ्रीटाऊनमध्ये देवमाणसांचं सरकार आलं तरी नुसत्या हिऱ्यांवर तो देश बोत्सवाना होऊ शकत नाही हे आधी मान्य करू. क्षेत्रफळाचंही उलटंच आहे, बोत्सवाना महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट आणि सिएरा लिओन आपल्या विदर्भापेक्षाही लहान. तरी हे कायम असंच नव्हतं. १९७० च्या सुमाराला सिएरा लिओनची अधिकृत निर्यात २० लाख कॅरटच्या वर होती आणि बोत्सवानाची शून्य, त्यामुळे माणशी हिशोबाने अर्धंच उत्तर मिळतं.

आता जमिनीत पडण्याचं. हिरा वर येतो तो किंबरलाइट नावाच्या खडकातून, जमिनीत खोल गेलेली गाजराच्या आकाराची एक नळी समजा, आम्ही सगळे पाइपच म्हणतो. बोत्सवानाचा जवळजवळ सगळा माल अशा मोजक्या पाइपांतून येतो, ओरापा, लेतल्हाकाने, ज्वानेंग आणि अलीकडचं कारोवे. सिएरा लिओनमध्येही पाइप आहेत, कोइडूला आहेत, पण लाखो वर्षांच्या पावसाने त्यांचा वरचा भाग झिजला आणि हिरे ओढ्यानाल्यांतून, नद्यांतून हजारो चौरस किलोमीटरवर पसरले. तिथला बहुतेक इतिहास या नदीच्या गाळातल्या हिऱ्यांवर घडलाय.

हा फरक खडा हातात घेतला तरी कळतो. नदीतून वाहत आलेल्या मालात तडे गेलेले कमजोर खडे वाटेतच फुटून गेलेले असतात, त्यामुळे उरतो तो बराचसा टणक आणि दागिन्याच्या लायकीचा. सिएरा लिओनचे काचेसारखे स्वच्छ आठ-फलकी खडे आमच्या धंद्यात नावाजलेले आहेत, एक खडा चिमट्यात धरून लूपखाली, म्हणजे आमच्या भिंगाखाली फिरवला की आरपार दिसतं, काही खड्यांवर हिरवट साल असते आणि आत काय निघेल याचा अंदाज बांधण्यातच सगळं कसब. ओरापाचा माल याच्या उलट, ढिगाने येतो, त्यात औद्योगिक कामाचं बारीक काळपट पुष्कळ आणि मधूनमधून सुंदर खडे. म्हणजे सिएरा लिओनमध्ये एक पोरगा फावड्याने खणून एका दिवसात वर्षाची कमाई खिशात घालू शकतो आणि ओरापाला कोट्यवधींचा प्लांट उभा केल्याशिवाय काहीच मिळत नाही. पुढचं सगळं राजकारण इथून सुरू होतं.

केनेमाच्या ऑफिसातला नेहमीचा प्रसंग सांगतो. सकाळी दोन-तीन जण यायचे, पायाला वाळलेला लाल चिखल, 'कुशे, हाऊ दि बॉडी' म्हणजे नमस्कार, तब्येत कशी आहे एवढं झालं की एक जण खिशातून सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद काढायचा, त्यात घडी करून ठेवलेला खडा. तोलला तर सव्वादोन कॅरट. मी भाव सांगायचो पण माझं लक्ष खणणाऱ्याकडे असायचं, कारण बोलणी करणारा वेगळाच असायचा, तो 'सपोर्टर'. पावसाळा संपला की खणणं सुरू होतं. सपोर्टर परवान्याचे पैसे भरतो, फावडी, चाळण्या, पाण्याचा पंप देतो आणि खणणाऱ्यांना रोजचा तांदूळ, दिवसाला दोनेक कप आणि वर थोडी चिल्लर. आठ-दहा जण कंबरभर पाण्यात वरची माती उपसून खालची खडी काढतात, गोल चाळणीत पाण्यात फिरवतात म्हणजे जड दगड मध्यावर जमतो आणि मग नजर लावून बसतात. सापडला तर वाटा आणि नाही सापडला तर दोन कप तांदूळ. खड्याची खरी किंमत खणणाऱ्याला माहीत नसते, त्याच्याकडे ना लूप ना काटा. मी जो भाव द्यायचो त्यातला किती त्याच्यापर्यंत पोचला हे मला कधीच कळलं नाही आणि ही गोष्ट मला आजही सलते.

आता स्वतःला त्या देशाच्या अर्थखात्याच्या जागी ठेवा. हजारो खड्डे, लाखभर खणणारे, माल काडेपेटीत मावणारा आणि सीमा जंगलातून जाणारी. कर थोडा जास्त लावला की माल शेजारच्या लायबेरियातून बाहेर पडतो, म्हणून निर्यातकर ३ टक्क्यांच्या आसपास ठेवावा लागतो आणि मग शाळा कशावर बांधायची? आणि ज्वानेंगला काय आहे, तर एक खड्डा, भोवती कुंपण, आणि लाल पट्ट्यात, म्हणजे सगळ्यात कडक पहाऱ्याच्या भागात एकदा गेलेली गाडी पुन्हा बाहेर येत नाही असा नियम. सरकारला फक्त एका दारावर उभं राहायचंय. बोत्सवानात खाणीच्या नफ्यातले कर, रॉयल्टी, लाभांश सगळं मिळून १०० तले सुमारे ८० सरकारला जातात असं धरतात आणि वसुलीला पोलीस पळवावे लागत नाहीत.

पण एवढ्यावर 'सगळा भूगर्भाचा खेळ' म्हणालात तर मी तुमच्याशी भांडेन. काँगोत म्बुजी-मायीला किंबरलाइट आहे, चांगला मोठा, कुंपण घालता आलं असतं, पण हुकूमशहा मोबुटूच्या काळात त्याची नुसती लूट झाली. उलट नामिबियाचे हिरे समुद्रकाठच्या वाळूत पसरलेले, पण तो भाग वाळवंट, वस्ती नाही आणि जर्मनांनी १९०८ सालीच पूर्ण पट्टा बंद करून टाकला, त्यामुळे पसरलेल्या मालालाही कुंपण घालता आलं. म्हणजे पाइप असला की काम सोपं होतं, आपोआप होत नाही.

त्यासाठी सापडण्याच्या वेळेकडे बघायला लागतं. सिएरा लिओनमध्ये हिरा सापडला १९३० ला, कोनो भागात, इंग्रजांच्या काळात. १९३५ ला एकाच कंपनीला, सिएरा लिओन सिलेक्शन ट्रस्टला, ९९ वर्षांसाठी जवळजवळ सगळ्या देशाचा मक्ता दिला. गावातल्या माणसाला स्वतःच्या ओढ्यातला दगड उचलणं गुन्हा झाला. पन्नासच्या दशकात हजारो लोक कोनोकडे धावले आणि १९५६ ला नाइलाजाने परवाने सुरू केले तर ते देण्यात स्थानिक पॅरामाउंट चीफचा, म्हणजे त्या मुलखाच्या जमातप्रमुखाचा हात, म्हणजे जमीन त्याच्या ताब्यात, बाहेरचा खणायला आला तर खुशी त्याची. थोडक्यात १९६१ ला स्वातंत्र्य मिळालं तेव्हा मक्तेदार कंपनी, चीफ, व्यापारी, चोरटे खणणारे असे सगळे आधीच ताटावर बसलेले होते आणि नवं सरकार सगळ्यात शेवटी जेवायला आलं.

त्यात सियाका स्टीव्हन्स, १९६८ ते १९८५ देश चालवणारा, आधी पंतप्रधान आणि मग राष्ट्राध्यक्ष. त्याने १९७१ ला कंपनीचा ५१ टक्के हिस्सा सरकारकडे घेतला, कागदावर बोत्सवानाने केलं त्याच्यासारखंच दिसतं. पण बोत्सवानात हिस्सा तिजोरीत गेला आणि इथे तो जवळच्या माणसांत वाटला गेला, चोरट्या खणण्याला मुद्दाम मोकळीक दिली कारण त्यातून आपली माणसं पोसता येतात. १९७२ च्या १४ फेब्रुवारीला ९६८.९ कॅरटचा 'स्टार ऑफ सिएरा लिओन' सापडला, जग बघत राहिलं, आणि त्याच काळात अधिकृत निर्यात घसरायला लागली. १९७० ला २० लाख कॅरट, १९८० ला ६ लाखांच्या आत आणि १९८८ ला फक्त ४८ हजार. हिरे संपले नव्हते, ते दुसऱ्या दारातून जात होते. स्टीव्हन्सने रेल्वेसुद्धा बंद केली, १९७४-७५ च्या सुमाराला, जी विरोधकांचा जोर असलेल्या बो-केनेमाच्या भागातून जायची. केनेमाच्या म्हाताऱ्यांना त्या रेल्वेबद्दल विचारा, हिऱ्यांपेक्षा जास्त वेळ बोलतात.

बोत्सवानाचं नशीब म्हणा की शहाणपण, तिथे क्रम उलटा आहे. ३० सप्टेंबर १९६६ ला स्वातंत्र्य, तेव्हा देशात १२ किलोमीटर डांबरी रस्ता, पोट गुरांवर, अनेक वर्षांचा दुष्काळ. इंग्रजांनी तिथे काही उभारलंच नव्हतं कारण त्यांना काही मिळण्यासारखं दिसलं नाही, त्यामुळे ताटावर आधीपासून बसलेलंही कोणी नव्हतं. १९६७ ला ओरापाचा पाइप सापडला आणि त्याच वर्षी कायदा झाला की जमिनीखालचं खनिज कुठल्या एका जमातीचं नाही, देशाचं. याची किंमत समजून घ्या. ओरापा बांग्वातो जमातीच्या मुलखात आहे आणि पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा त्याच जमातीच्या राजघराण्यातले. म्हणजे त्यांनी स्वतःच्या लोकांचा सगळ्यात मोठा हक्क सोडायला लावला, आणि तोही खाणीतून पहिला पैसा यायच्या आधी, कारण खाण सुरू झाली १९७१ ला. पैसा दिसायला लागल्यावर असा कायदा करणं किती अवघड असतं हे वाटण्या झालेल्या कुठल्याही घराला विचारा.

आणि मग सौदा. खाण चालवणाऱ्या डी बिअर्स या बड्या हिरे कंपनीबरोबरच्या भागीदारीत सुरुवातीला सरकारचा हिस्सा फक्त १५ टक्के होता. खाण किती श्रीमंत आहे हे कळल्यावर ते पुन्हा बोलणीला बसले आणि १९७५ पर्यंत ५० टक्के घेतले, डी बिअर्सला हाकलून न देता. पुढे १९८२ ला ज्वानेंग सुरू झाली, किमतीच्या हिशोबाने जगातली सगळ्यात श्रीमंत हिऱ्याची खाण. (ज्वानेंगचा पाइप चाळीसेक मीटर वाळूखाली होता, वाळवीने खोलवरून वर आणलेल्या मातीतल्या बारीक खनिजांच्या कणांवरून शोधकर्त्यांना सुगावा लागला असं तिथले भूगर्भवाले अभिमानाने सांगतात.) १९९४ पासून पुला फंड, म्हणजे खर्च न झालेला हिऱ्यांचा पैसा बाहेर गुंतवून ठेवायचा. पुला म्हणजे पाऊस. ज्या देशात चलनाचं आणि शिलकीचं नाव पाऊस आहे तिथल्या लोकांना वाईट वर्षासाठी ठेवणं शिकवावं लागत नाही असं मला तिथे राहून वाटायला लागलं.

अजून एक गोष्ट मी डोळ्यांनी बघितली ती 'क्गोत्ला', गावची बैठक. झाडाखाली अर्धवर्तुळात खुर्च्या, मंत्री आला तरी आधी गावातल्या म्हाताऱ्याचं ऐकायचं, 'दुमेला रा' म्हणून सुरुवात आणि मग दोन-दोन तास तक्रारी. यातून धोरण बदलतं का, तर नेहमी नाही. पण चीफला आणि मंत्र्याला लोकांसमोर बसून ऐकावं लागतं ही सवय इंग्रजांच्या आधीची आहे आणि ती मोडली गेली नाही. सिएरा लिओनमध्ये इंग्रजांनी चीफला घरपट्टी गोळा करणारा करून टाकला, १८९८ ला त्यावरून बंडही झालं, आणि तो लोकांना उत्तर देण्याऐवजी वर उत्तर द्यायला लागला. माझ्या अंदाजाने हा फरक हिऱ्यांपेक्षा जुना आणि जास्त खोल आहे, पण तो मोजायचा कसा हे तुम्हा अर्थशास्त्रवाल्यांचं काम.

युद्धाबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण लोक तिथूनच सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात. मार्च १९९१ ला लायबेरियाच्या बाजूने आरयूएफ ही बंडखोर संघटना घुसली, जानेवारी २००२ ला संपलं, किमान ५० हजार माणसं गेली, हात तोडलेली माणसं मी केनेमाच्या बाजारात रोज बघायचो. हिऱ्यांनी युद्ध सुरू केलं नाही, ते सडलेल्या राज्याने सुरू केलं, पण हिऱ्यांनी ते अकरा वर्षं चालवलं. लायबेरियाची स्वतःची क्षमता वर्षाला जेमतेम एक-दीड लाख कॅरट, आणि १९९४ ते १९९८ या काळात बेल्जियमच्या नोंदीत लायबेरियाचा म्हणून आलेला माल ३ कोटी कॅरटच्या वर! १९९९ च्या लोमे शांतता करारात तर बंडखोरांच्या म्होरक्याला, फोडे सांकोलाच खनिजांच्या आयोगाचा अध्यक्ष केलं. २००० मध्ये तिथे अडकलेल्या आपल्या भारतीय शांतिसैनिकांना सोडवायला ऑपरेशन खुकरी झालं ते काहींना आठवत असेल.

हा माल शेवटी टेबलावर येतो, बेल्जियममधल्या अँटवर्पच्या, मुंबईच्या, आणि तेव्हा कोणी विचारत नव्हतं कुठून आला. मी नव्वदच्या दशकात ऑपेरा हाऊसला ज्या पुड्या उघडल्या त्यातल्या किती तिथल्या होत्या, मला सांगता येणार नाही. २००३ ला किंबर्ली सर्टिफिकेट, म्हणजे कच्चा माल बंडखोरांचा नाही याचा सरकारी दाखला आलं तेव्हा आमच्याकडे कागदपत्रं वाढली म्हणून कुरकुर झाली होती, पण केनेमाला गेल्यावर त्याचा उपयोग दिसला. १९९९ ला अधिकृत निर्यात १२ लाख डॉलरची होती ती २००४ ला १२ कोटींच्या वर गेली. निर्यातकराचा चौथा हिस्सा खणणाऱ्या भागांना परत द्यायची पद्धतही चालू झाली. २०१७ ला कोनोत ७०९ कॅरटचा खडा एका पाद्र्याच्या गटाला सापडला आणि त्यांनी तो गुपचूप न विकता सरकारकडे दिला, न्यूयॉर्कला ६५ लाख डॉलरला गेला. तिथली माणसं मुळातच चोर म्हणणाऱ्यांना मी हा खडा आठवून देतो.

इथवरचं एका दमात सांगायचं तर बोत्सवानाकडे माणशी माल जास्त, कुंपण घालता येण्यासारखा, आणि पैशाआधी कायदा झालेला. सिएरा लिओनकडे माल थोडा, सगळीकडे पसरलेला, आणि राज्य उभं राहण्याआधी तीस वर्षं वाटून घेतलेला. सेरेत्से खामा मोठा माणूस होता यात शंका नाही, पण तो १९६१ ला फ्रीटाऊनमध्ये असता तर त्याला काय जमलं असतं, हे मला परिस्थितीवर अवलंबून वाटतं.

आणि तुमच्या सरांनी बोत्सवाना यशोगाथा म्हणून शिकवला असेल तर आजचं चित्रही जोडा. मधल्या काळात एचआयव्हीने तिथलं सरासरी आयुष्य ५० च्या आसपास आणून ठेवलं होतं, २००२ पासून मोफत औषधं दिली ती हिऱ्यांच्याच पैशावर, अख्ख्या आफ्रिकेत पहिल्यांदा. कालाहारीतल्या मूळ रहिवासी सान लोकांना त्यांच्या मुलखातून हलवलं, २००६ ला हायकोर्टाने ते बेकायदा ठरवलं, हा डाग आहे. विषमता प्रचंड आहे, तरुणांना काम नाही, कारण खाण पैसा देते, नोकऱ्या थोड्याच देते. म्हणून सरकारने आग्रह धरला की घाट-पैलूचं काम इथेच करा, आणि मुंबई-सुरतेच्या कंपन्यांनी गाबोरोनेला कारखाने काढले. मी तिथल्या मुलींना असॉर्टिंग शिकवायचो, आपल्याकडे माल उत्तरेच्या उजेडात बघतात तर तिथे दक्षिणेच्या खिडकीशी बसावं लागतं, दोन वर्षांत त्यांचा डोळा माझ्याइतका तयार झाला होता. पण त्याच सुरतेत आता लॅबमधले हिरे तयार होतात आणि त्यांनी नैसर्गिक मालाचा भाव पाडलाय. २०२४ ला बोत्सवानाची अर्थव्यवस्था आकसली, त्याच वर्षी स्वातंत्र्यापासून ५८ वर्षं सत्तेवर असलेला पक्ष हरला, डुमा बोको राष्ट्राध्यक्ष झाले आणि सत्ता शांतपणे बदलली. मी ज्यांना शिकवलं त्यातल्या दोघींची कामं गेल्या वर्षी सुटली, त्यांचे मेसेज येतात आणि मला काय लिहावं सुचत नाही.

यावर प्रबंध लिहिणार असाल तर एवढंच सुचवेन की दोन देशांचं जीडीपी शेजारी ठेवून सुरुवात करू नका. वर सांगितलेलं सर्टिफिकेट ज्यातून आलं त्या किंबर्ली प्रोसेसचे देशवार, वर्षवार आकडे सगळ्यांना बघायला मिळतात, त्यात कॅरट आणि डॉलर दोन्ही असतात, ते लोकसंख्येने भागून एक तक्ता करा. २००४ नंतरचा सिएरा लिओन आणि २०२३ नंतरचा बोत्सवाना हे दोन तुकडे वेगळे काढा. आणि जमलं तर अंगोला तिसरा घ्या, तिथे कातोकाला मोठा पाइप आहे आणि कुआंगोच्या खोऱ्यात नदीचा माल, आणि बंडखोर युनिटाचा पैसा यायचा तो मुख्यतः नदीतून. एकाच देशात दोन्ही प्रकार बघायला मिळतात. तक्ता झाला की इथेच टाका, आकड्यांत काही विचित्र दिसलं तर मी सांगेन तो माल कुठला असावा.